गच्चीवरचं निओडिमियम

आमच्या यवतमाळच्या घराशेजारचे एक गृहस्थ कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून रिटायर झाले आणि माझ्या डोक्याला ताप झाले. भेटले की प्रश्न एकच: "वहिनी, बंद पडलेली हार्डडिस्क आहे काय?" तिच्यातल्या चुंबकात निओडिमियम नावाचा धातू असतो म्हणे. ते चुंबक ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि त्यातून गुलाबी साका खाली बसवायचा. त्यांच्या बायकोनं हा कारभार घराबाहेर काढला, तो आमच्या सामाईक गच्चीवर आला.

"हा धातू दुर्मिळ नाही वहिनी," ते बोटांत बोटं अडकवून सांगतात, "जमिनीत भरपूर आहे. पण आपल्या भावांले, म्हंजे त्याच्यासारख्याच दुसऱ्या धातूंले, असा चिकटून राह्यते, का एकट्याले काढता काढता जीव जाते."

जीव माझा गेला. परवा तो साका चक्क माझ्या लोणच्याच्या बरणीत दिसला. मी त्यांच्यादेखत ती मोरीत उपडी केली. कित्येक महिन्यांची मेहनत वाहून गेली. मग मलाच कसंतरी झालं.

"जाऊ द्या. जमिनीतूनच आलतं," ते म्हणाले. बरणी त्यांनी स्वतः घासूनपुसून माझ्या हातात दिली. मग जिन्यात थांबून वळले.

"वहिनी, तुमचा कॉम्प्युटर कधी बिघडन वो?"