झटपटची विक्री

त्याला सगळी गल्ली झटपट म्हणायची. नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेलं. खुर्चीत बसून आपल्या सुनेची तक्रार सांगायला घ्यावी, तर ती रंगात यायच्या आत मानेवरचं कापड झटकून हा म्हणायचा, "चला, पुढचे!" हात असा चालायचा की कात्रीचा आवाज नंतर आणि केस आधी खाली पडायचे. तोंड मात्र हातापेक्षाही जोरात चालायचं.

हा माणूस केस कापता कापता कार्डांच्या नादाला लागला, त्याची सुरुवात एका दातांच्या डॉक्टरांमुळे झाली. मुलगा शिकायला परगावी गेला, खोली आवरायची होती, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या खेळातल्या कार्डांचा एक खोका सलूनमध्ये आणून ठेवला. ड्रॅगन, राक्षस, उडते मासे, असली चित्रं. "तुझ्याकडे पोरं बसलेली असतात, वाटून टाक," म्हणाले. झटपटने सहज एका निळ्या पंखांच्या ड्रॅगनचा फोटो मोबाइलवरच्या विक्रीच्या साइटवर टाकला, तर तो अकरा हजारांना गेला!

त्या दिवशी झटपटने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून दुकानभर मोबाइल दाखवला. डॉक्टरांना जाऊन निम्मे पैसे देऊ केले. ते हसून म्हणाले, "दिलं ते दिलं." झालं! फुकटात आलेल्या खोक्यामुळे झटपटला वाटलं, की सगळी कार्डं अशीच विकली जातात.

मग तो बंद पाकिटं विकत घ्यायला लागला. पाकीट फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, हीच तर त्यातली गंमत. दहा पाकिटं फोडावीत तेव्हा कुठे एखादं बरं कार्ड निघायचं. उरलेली कपाटात. बरी कार्डं तो भाव चढावा म्हणून तपासणीला पाठवायचा. तिथली माणसं भिंगाखाली बघून गुण देत आणि कार्ड प्लॅस्टिकच्या कडक पेटीत बंद करून परत धाडत. दर बुधवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून तो पार्सलं करत बसायचा. वर्षाच्या शेवटी साइटने त्याला अभिनंदनाचा निरोप पाठवला: तुमची एकूण विक्री दोन लाख चाळीस हजार!

हा आकडा गल्लीत सगळ्यांना पाठ झाला. झटपटच्या मेहुण्यालाही.

मेहुणा बेकरीत भट्टीवर होता. एका रविवारी दुपारी तो हातात केक आणि चेहऱ्यावर मोठं हसू घेऊन आला. "भावजी, उद्या राजीनामा देतोय. तुमच्याबरोबर कार्डांच्या धंद्यात येतो. दोघं मिळून पाच लाख करू!"

झटपट खुशीत उठून त्याला मिठीच मारणार होता. पण त्याची बायको, म्हणजे मेहुण्याची मोठी बहीण, हातातलं उलथनं खाली ठेवून बाहेर आली. एका ऑफिसच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाक सांभाळायची.

"अहो, आधी त्याला सांगा, वर्षात सुटले किती?"

"सांगितलं की. दोन लाख चाळीस हजार."

"ती विक्री झाली. सुटले किती?"

"म्हणजे तेच ना!"

"गल्ल्यात आलेलं सगळं मालकाचं असतं, तर आमचा कँटीनवाला अजून त्या खटारा स्कूटरवर आला असता का?"

मेहुणा हसला. झटपट हसला नाही. बायकोने कपाट उघडून न खपलेल्या कार्डांचा गठ्ठा आणला आणि टेबलावर दोनशे चाळीस कार्डं मांडली. "एक कार्ड म्हणजे एक हजार. आता बोला. पाकिटांना किती घातले?"

झटपट डोकं खाजवत म्हणाला, "एक लाख साठ तरी."

एकशे साठ कार्डं टेबलावरून उठली. साइटचं कमिशन, एकोणतीस. पार्सलं आणि खोकी, एकवीस. ती भिंगवाली तपासणी, चौदा. कोपरा दुमडला म्हणून परत आलेल्या मालाचे पैसे, नऊ. प्रत्येक वेळी झटपट म्हणायचा, "ते धरायचं नसतं गं!" आणि बायको धरून उचलायची. शेवटी टेबलावर सात कार्डं उरली. त्यातल्या एकावर दात विचकणारा बेडूक होता.

"सात हजार?" मेहुण्याने कार्डं पुन्हा मोजली.

"थांब. बुधवारी दुपारी दुकान बंद. वर्षभरात तीसेक हजारांची कटिंगं गेली. म्हणजे तो बेडूकही गेला, आणि वर तेवीस हजार आपणच घातले."

"पण कपाटात माल आहे की!" झटपट म्हणाला.

"आहे ना. विकला गेला की त्याचेही धरू. तोवर ती अडगळ."

झटपटचे कान तापले. अख्ख्या गल्लीला त्याने आकडा ऐकवला होता. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तोही आपणच वाटलेला! त्याने तो बेडूक उचलून डोळ्यांसमोर धरला आणि असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, मी वर्षभर फुकट हमाली केली, आणि वर मिरवलंसुद्धा!"

"भावजी, हे मला आधी सांगायचं होतंत," मेहुणा फुरंगटून म्हणाला.

"अरे, मलाच आत्ता कळतंय, तुला आधी कुठून सांगू?"

मग मेहुण्यालाही हसू फुटलं. राजीनामा खिशातच राहिला आणि केक मात्र तिघांनी संपवला.

झटपटने कार्डं सोडली नाहीत. ते त्याच्याच्याने झालंही नसतं. पण बंद पाकिटं सोडली. घर आवरताना लोक खोके आणायचे, तेच तो बघून, निवडून, हिशेबात घ्यायचा. साधी कार्डं शनिवारी सलूनमध्येच हातोहात विकायचा. कमिशन नाही, पार्सल नाही. एखादं भारी कार्ड साइटवर टाकायचं, तर सगळा खर्च आधी मांडून मगच किंमत लिहायची. बुधवारी दुकान उघडं.

पुढच्या वर्षी विक्री आली सत्तर हजारांवर. डॉक्टरांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "काय रे, धंदा बसला म्हणे?"

"विक्री बसली डॉक्टर, पण आम्ही उठलो!" झटपट म्हणाला. सगळं वजा जाता सव्वीस हजार हातात पडले होते, अगदी खरेखुरे.

त्या पैशांतून त्याने सलूनमध्ये डोकं धुवायचं बेसिन बसवलं, गरम पाण्याचं. पहिला मान कुणाचा यावर गिऱ्हाइकांत पैजा लागल्या. झटपटने बायकोला बोलावून खुर्चीत बसवलं, मानेखाली टॉवेल दिला आणि पाणी मनगटावर घेऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने इतका वेळ लावला. बाकावर चार जण ताटकळत होते. त्यांतला एक कुरकुरला तेव्हा झटपटने ओठांवर बोट ठेवलं. बायकोला झोप लागली होती.