घोड्याची आखणी

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसतच ऐकल्या. अंगारे-धुपारे कधी केले नाहीत, आजही करत नाही. तरीही हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण यात चूक माझी आहे...

पेणजवळचं जोहे आमचं गाव. घरोघरी गणपतीचे कारखाने. माझा चुलतभाऊ मधूदादा आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचा. हे काम सगळ्यात शेवटी. त्याचा ब्रश टेकला की मूर्ती बघायला लागते, असं लोक म्हणत.

केबल नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी दहाला एक परदेशी कार्टून मालिका हिंदीत लागायची. टोपीवाला, कमरेला पिस्तूल लावलेला नायक लोखंडी घोड्यावर बसून या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचा. अख्खा कारखाना ब्रश पाण्यात टाकून टीव्हीपुढे!

"भावजी, वरती चांदण्यांत घोड्याला गवत कोन घालतं वो?" शेजारच्या शेवंतावहिनी दादाला टोमणा मारायच्या... आणि पुढची जागा पहिली त्याच पकडायच्या.

दादाचं दुखणं वेगळंच. "सुऱ्या, घोडा मस्त हाय, पन आखणी चुकलीय. कोनाकडं बघतच नाय तो."

शेवटी त्याने चॅनेलला पत्र लिहिलं — मराठीत. खाली घोड्याचे दोन डोळे काढून दिले. काढताना कुणीतरी शेजारी साचा आपटला, टेबल हललं, आणि डाव्या डोळ्यातला चमकेचा पांढरा ठिपका बुबुळाच्या खाली गेला. उजव्यातला वर होता.

"ऱ्हाऊ दे, समजंल त्यांना," म्हणत त्याने पाकीट चिकटवलं. मी नोकरीला पेणला जायचो, म्हणून माझ्याकडे दिलं. "रजिस्टर कर हां."

मी केलं नाही. घोड्याच्या डोळ्यांसाठी रजिस्टर पत्र... पोस्टातला माणूस हसेल याची लाज वाटली. पाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दादाला सांगितलं, "टाकलं."

मालिकेचं पहिलं पर्व संपलं. पुढचे कित्येक महिने दादा विचारत राहिला, "उत्तर आलं काय रं?"

मग दुसरं पर्व सुरू झालं. पहिल्याच दृश्यात घोड्याने मान वर केली आणि थेट आमच्याकडे बघितलं. डोळे दादाचे होते. उजवा ठिपका वर, डावा खाली. टेबल हलल्याची चूकसुद्धा तशीच!

शेवंतावहिनींनी डोक्यावर पदर घेतला. दादाने रंगाच्या हातांनी माझा हात धरला. "तू नसतास तर पोचलं नसतं रं."

सोमवारी ड्रॉवर उघडला. पाकीट तिथेच होतं, डिंक न सुटलेला. आणि मालिका तर आमच्याकडे लागण्याच्या कितीतरी आधी तिकडे तयार झालेली असणार ना?

वीसेक वर्षं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं कौतुक सांगत होता. मी मान खाली घालून ऐकायचो. गेल्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला, आखणी सुटली. तेव्हा राहवेना. पाकीट त्याच्यापुढे ठेवलं, सगळं सांगितलं. त्याने शिव्या घालाव्यात असं वाटत होतं.

तो बराच वेळ पाकीट उलटंपालटं करत राहिला.

"म्हंजे... न वाचताच दिसलं त्यांना?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

दादाने पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"आता तरी टाक."

दुसऱ्या दिवशी पेणच्या पोस्टात रजिस्टर केलं. तो चॅनेल केव्हाच बंद पडलाय.

पाकीट अजून परत आलेलं नाही.