उघाडीची फळी

खारेपाटातल्या हेमालीबाईंच्या लेखांशिवाय रविवारची पुरवणी अळणी लागते, असं लोक म्हणतात. बाई शाळेत मराठी शिकवतात. लेख कसा लिहावा असं कुणी विचारलं, की सांगतात, "आपलं दुखणं खरं खरं लिहा, वाचक आपोआप आपला होतो." सांगायला काय जातं!

त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख वडिलांवरचा. बुधाजी गावच्या उघाडीचे राखणदार. भरती आली की बांधातल्या त्या दाराची फळी खाली टाकायची, खारं पाणी शेतात शिरू द्यायचं नाही, एवढंच काम. चाळीस वर्षांपूर्वी एका उधाणाला फळी वरच राहिली आणि गावात तीन वर्षं भात पिकलं नाही. बुधाजी झोपला, असं गाव म्हणालं. बुधाजींनी हूं की चूं केलं नाही. लेखात बाईंनी त्या झोपलेल्या बापाला माफ केलं होतं. लोक ढसाढसा रडले. श्रीवर्धनच्या एका वाचकाने तर तो वाचून बापाशी धरलेला अबोला सोडला.

पण फळी उचलली होती दहा वर्षांच्या हेमालीने, दाराशी जाळी लावून कोलंबी धरायला. पाणी चढलं तशी ती घाबरून पळाली. अजूनही भरतीच्या वेळेला वर्गात शिकवताना त्यांना ते पाणी ऐकू येतं आणि हातातला खडू थांबतो. लेखावर वाचकाचं एकेक पत्र आलं, की तो आवाज वाढतो.

परवा बुधाजींनीच हाक मारली. "माज्यावर लिवलंस म्हनं. वाच मना."

बाईंनी वाचला. 'झोपले' या शब्दापाशी जीभ अडखळली. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बेस हाय," तो म्हणाला. मग हळूच, "त्या दिशी कोलंबी गावली व्हती का गो तुला?"

"बाबा, तुला ठाऊक होतं?"

"तुजी जाळी दारात अडकली व्हती. मीच काढून पुरली."

"मी खरं लिहिते, बाबा. याच रविवारी."

"न्हाय," म्हातारा पहिल्यांदाच कडाडला. "लिवलंस तं चाळीस वर्सं मी उगाच गप ऱ्हायलो."

तो खरा लेख लिहून झालाय, कपाटाच्या खणात पडलाय. वाचकांची पत्रं अजून येतात. बापाला माफ करायला मोठं मन लागतं, असं लिहितात. बाई प्रत्येकाला आभाराचं उत्तर पाठवतात.