कच्च्या वहीतली जाळी

मला फसवलं गेलं, हे आधीच सांगून टाकते. आडपडदा ठेवायची मला सवय नाही, आणि इतकी वर्षं पोटात ठेवूनही ते काही जिरलं नाही. जिनं फसवलं ती माझी मैत्रीण. आजही मैत्रीणच आहे, हीच तर पंचाईत आहे.

घोड नदीच्या काठच्या एका गावातल्या शाळेत मी ड्रॉइंगची बाई आणि ती सायन्सची मॅडम. शिरूरला आम्ही शेजारी-शेजारी राहायचो. ती मूळची दौंडची, शनिवारी शाळा सुटली की घरी जायची आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत यायची. एरवी रोज माझ्या स्कूटीवर मागं बसायची आणि रस्ताभर माझ्याशी भांडायची.

भांडायला काहीही पुरायचं. थंडीच्या दिवसांत शाळेतून निघेपर्यंत सूर्य टेकलेला असायचा. मी म्हणायचे, "बघ गं, काय रंग सांडलाय!" तर मागून आवाज यायचा, "धूळ आहे ती. उसाच्या ट्रॅक्टरांची. उजेड तिरपा येतो, निळा वाटेतच पांगतो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो."

"झालं! केलास सूर्याचा पंचनामा?"

"अगं, कळल्यावर मला जास्तच आवडतो."

मला हे कधी पटलं नाही. छान काही दिसलं की माणसानं गप बसून बघावं, असं माझं म्हणणं. आणि माझी चित्रं तर ती पेपर तपासल्यासारखी बघायची. शाळेच्या हॉलच्या भिंतीवर मी नदी, बाभळी आणि पाण्यावर आलेल्या गाई रंगवल्या होत्या. हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे वाहवा करून गेले. ही बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "झाडाची सावली इकडं, गाईची तिकडं. तुझ्या नदीवर दोन सूर्य आहेत का गं?" सगळी स्टाफरूम हसली. मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. स्कूटीवर बसवत होते, पण तोंड बंद.

पाचव्या दिवशी तिनं मला लॅबमध्ये बोलावलं. काचेच्या ग्लासात दोऱ्याला टांगलेला मोरचुदाचा खडा होता. निळाशार, कडा जणू पट्टी लावून कापलेल्या. "पंधरा दिवस वाढवलाय. बोलू नकोस, नुसता बघ," म्हणाली. ती तिची माफी होती. तो निळा मला आजवर कुठल्या ट्यूबमध्ये मिळालेला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हिला दिसतंय बरं का, ही सांगत नाही इतकंच.

त्यानंतरची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. सकाळी दव पडायचं. एक दिवस स्कूटीवरून उतरता उतरता ती म्हणाली, "मला कोळ्याची जाळी काढून देशील?"

जागा दोन. एक, शाळेच्या भिंतीला लागून गावातल्या आप्पांचं कांद्याचं वावर होतं, त्याचं तारेचं कुंपण. दुसरी, नदीकाठचं पडीक रान, तिथली घाणेरीची झुडपं. मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढ की. तर म्हणे, मोबाईल मागचं वावर पकडतो आणि तंतू सोडतो. तेही खरं होतं.

"पण कशाला हवीत?"

"प्रदर्शनाला तक्ते करायचेत. आणि सुंदर असतात गं. तूच बघ."

काय सांगू, मला किती आनंद झाला! दगडाला पाझर फुटला, असं वाटलं. वीस वर्षं हिच्याशी भांडून मी जे मिळवू शकले नाही, ते कोळ्यानं करून दाखवलं. मी त्याच दिवशी नवी वही आणली.

तिच्या अटी मात्र होत्या. जसं दिसेल तसंच काढायचं. मागं तारीख आणि जागा लिहायची. आणि सही करायची नाही, कोपऱ्यात फक्त नंबर टाकायचा. "मी काय ऑफिसातली क्लार्क आहे का नंबर टाकायला?" मी फणकारले. ती हसली आणि म्हणाली, "एवढं ऐक." मी ऐकलं.

दोन हिवाळे मी हे काम केलं. शाळा भरायच्या आधी तास-दीड तास, स्टूल टाकून, शाल गुंडाळून बसायचे. ऊन चढलं की दव वाळतं आणि जाळं दिसेनासं होतं, त्यामुळे हात भरभर चालवावा लागे. ती शाळेपाशी उतरायची आणि "लॅब उघडते" म्हणून निघून जायची. जाळ्याजवळ कधी फिरकली नाही. मी चिडवायचे, सायन्सची मॅडम कोळ्याला भिते म्हणून.

आता माझी रीत सांगते. जागेवर मी कच्च्या वहीत पेन्सिलनं काढायचे. मग रविवारी दुपारी, जेवणं उरकली की, ड्रॉइंग पेपरवर शाईनं पक्कं करायचे. शिक्षकाच्या हाडात हे मुरलेलंच असतं. पोरांना मी जन्मभर तेच सांगत आले, "कच्च्यात वाट्टेल ते करा, पक्क्यात चूक दिसली तर बघा!"

नदीकाठची जाळी म्हणजे काय वर्णावीत! मधून निघालेले आरे नीट मोजून ठेवल्यासारखे, त्यांवरून फिरत गेलेला तंतू कुठे चुकायचा नाही. पण कांद्याच्या कुंपणावरची बरीचशी धड नसायची. एका बाजूचे आरेच नाहीत, तंतू जातो जातो आणि भलतीकडे वळतो, मध्ये हात जाईल एवढं भगदाड. कच्च्या वहीत मी ते तसंच काढायचे, कारण समोर बसलं की हात डोळ्याच्या मागून जातो. रविवारी मात्र ते मला बघवायचं नाही. वाटायचं, वाऱ्यानं फाटलं असेल. म्हैस घासून गेली असेल. नाहीतर माझीच बोटं गारठली असतील, चष्म्यावर दव बसलं असेल. असलं मोडकं-तोडकं तक्त्यावर कसं लावायचं? मग मी गाळलेले आरे भरायचे, भरकटलेला तंतू जागेवर आणायचे. त्या कोळ्यावर उपकारच करतेय, अशी माझी समजूत. चित्र पक्कं झालं की इतकं देखणं दिसायचं!

सोमवारी ती एकेक कागद भिंगाखाली धरायची आणि गप्प व्हायची. "अशीच होती?" विचारायची.

"अशीच."

मला वाटायचं, सौंदर्य बघून हिची बोलती बंद झालीये.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी दौंडला शिक्षकांचा मेळावा होता. तिथं ती जाळ्यांवर बोलणार होती. मी ठेवणीतली साडी नेसले. कोणी विचारलंच की चित्र कसं होतं, तर दाखवायला म्हणून कच्ची वहीपण पिशवीत टाकली. शाळा समितीवर असलेले आमचे आप्पाही गाडी करून आले होते. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माझी जाळी माणसाएवढी मोठी होऊन आली आणि मला खरंच भरून आलं.

मग ती बोलायला लागली. म्हणाली, "शाळेशेजारी कांद्यावर पंपानं औषध मारतात, ते वाऱ्यानं वर्गात येतं. कुंपणावर मी एकदा-दोनदा वाकडी जाळी बघितली आणि शंका आली, की औषधानं कोळ्याची वीण बिघडत असेल का? बिघडत असेल, तर पोरांचं काय? आप्पांनी शब्द दिला आहे, की जाळी वाकडी निघाली तर खिडक्यांच्या कडेच्या सऱ्यांवर ते औषध मारणार नाहीत. म्हणून मी जाळ्यांची चित्रं काढून घेतली. मी स्वतः बघायला गेले नाही, कारण मला जे हवं तेच मला दिसलं असतं. आणि चित्रं काढणाऱ्या बाईंना मी मुद्दाम यातलं काहीही सांगितलं नव्हतं."

मुद्दाम. माझे कान तापले. मागच्या रांगेतल्या एक-दोघी माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या, आणि मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. दोन वर्षं मी थंडीत कुडकुडत बसले ते हिला सौंदर्य कळलं म्हणून, आणि हिच्या लेखी मी कोण? मोबाईलला जमलं नाही म्हणून उभं केलेलं यंत्र! घरच्या बाईला लग्नाचं निमंत्रण न देता फक्त पोळ्या लाटायला बोलवावं, तसं झालं.

तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य आलं. "माझा अंदाज चुकला. दोन्हीकडची जाळी सारखीच आहेत. काही फरक नाही."

टाळ्या पडल्या. आप्पा खूश होऊन माझ्याकडं वळले, "बगा बाई, म्या म्हनत न्हवतो? औषदाचं काय न्हाई. मॅडम उगंच काळजी करत्यात." माणूस वाईट नाही. त्यांच्या मनावरचा भार उतरला होता.

माझी पिशवी मांडीवर होती. आत कच्ची वही होती, आणि त्या वहीत सगळी वाकडी जाळी.

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिला गाठलं. "माझ्यावर विश्वास नव्हता, असं सरळ म्हणायचंस ना!"

"उलट आहे गं. तुझ्या हातावर होता. पण तुला कळलं असतं की मला वाकडी हवीत, तर तू माझ्या मायेपोटी वाकडी काढली असतीस. आमच्या सायन्समध्ये असंच करतात, काढणाऱ्याला सांगत नाहीत."

"तुमच्यात काय करतात ते तुमच्यात ठेव. सुंदर असतात म्हणालीस, ती काय थाप होती?"

ती कप खाली ठेवत म्हणाली, "ते खरंच होतं."

मी विश्वास ठेवला नाही. तोंडाला येईल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं. मग अगदी हळू, चाचरत म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. जशी दिसली तशीच काढलीस ना?"

पिशवी माझ्या खांद्याला होती. वही काढून तिच्या हातात ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

"म्हणजे? मी खोटं काढते असं म्हणायचंय तुला?"

"नाही गं बाई," तिनं माझा हात धरला. "तू म्हणतेस म्हणजे तशीच होती. संपलं."

आणि तिनं खरंच संपवलं. पुन्हा तो विषय काढला नाही, जाळ्यांचं नाव घेतलं नाही. पुढच्या हंगामात पंप पाठीला लागले की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, तरी वर्गात तो उग्र वास यायचाच. पोरं नाकाला रुमाल लावून गणितं सोडवायची. दरवेळी मला वाटायचं, आज सांगू. आणि दरवेळी तो "मुद्दाम" आठवायचा. बरं झालं, म्हणायचे मी मनात. मला नाही सांगितलंस ना, मग मीही नाही सांगत. इतकी मी वाईट आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी ती रिटायर झाली. दौंडला घर बांधलं, वास्तुशांतीला बोलावलं. मी गेले. हॉलमध्ये शिरले आणि समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझं जाळं. कोपऱ्यातला नंबर बघितला. कांद्याच्या कुंपणावरचंच.

पाहुण्यांना ती सांगत होती, "हे आमच्या बाईंचं चित्र. या जाळ्यानं मला हरवलं. पण रोज सकाळी चहा घेताना बघते मी, किती देखणं आहे. माझा अंदाज खोटा ठरला तो ठरला, जाळं तर खरं आहे ना! आणि दिसेल तसं काढणारी अशी दुसरी बाई मला भेटली नाही."

मग तिनं फ्रेम खाली काढली, मागचा पुठ्ठा सोडवला, कागद माझ्यापुढं ठेवला आणि पेन दिलं. "तेव्हा मी तुला सही करू दिली नव्हती. राहून राहून मनाला लागायचं गं. आता कर."

उजव्या बाजूचे तीन आरे माझे होते. कोळ्यानं ते विणलेच नव्हते. वीस-बावीस माणसांच्या गर्दीत फक्त मला दिसत होतं ते. पाहुणे वाकून बघत होते. मी नंबराच्या खाली सही केली. नेहमीसारखी लफ्फेदार.

तिनं चित्र परत फ्रेममध्ये घातलं, स्टुलावर चढून खिळ्याला अडकवलं आणि मान मागं वळवून मला विचारलं, "सरळ लागलंय का गं? तू सांग, मला यातलं कळत नाही."

मी दोन पावलं मागं गेले, नीट बघितलं, आणि म्हणाले, "सरळ आहे."