चेट्टियारच्या दुकानातला चमचा

राघवने हात झटकला आणि रंगीत तांदळाचा अख्खा टब फरशीवर उपडा झाला. मग तो कानांवर हात ठेवून ओरडायला लागला. नवरात्राचा पहिला दिवस होता. दारात त्याच्या आजी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

मी चेन्नईत, पेरुंगुडीतल्या एका प्ले-स्कूलमध्ये अॅक्टिव्हिटी टीचर आहे. सणासुदीला मुलांसाठी सेन्सरी बिन तयार करणं हे माझं काम. सेन्सरी बिन म्हणजे उथळ टब. त्यात धान्य, वाळू, पानं असं काहीतरी भरायचं आणि मुलांना हात घालून खेळू द्यायचं. बहुतेक मुलं कोपरापर्यंत हात घालतात. काहींना मात्र तो स्पर्शच सोसत नाही. अंगावर झुरळ चढलं की आपल्याला जे होतं, ते त्यांना तांदळाने होतं. राघव त्यातला. वय साडेतीन.

आमच्या प्रिन्सिपल वसंता मॅमनी मला ऑफिसात बोलावलं. त्या प्रत्येकीला ‘मा’ म्हणतात, आपल्या ‘गं’सारखं.

“विजयादशमीला शाळेत विद्यारंभम आहे, माहितीये ना मा?”

माहीत होतं. त्या दिवशी घरातलं मोठं माणूस मुलाचं बोट धरून ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवून घेतं.

“गेल्या वर्षी देवळात राघवने ताट उडवलं. नातेवाईक नको नको ते बोलले. यंदाही तसंच झालं, तर घरचे त्याला शाळेतून काढणार आहेत. काय करतेस?”

“ट्राय करते, मॅम.”

“जोरात बोल मा. मला ऐकू आलं नाही.”

चूक माझीच होती. फोटोत छान दिसतं म्हणून मी सगळ्यात बारीक, बोटांना चिकटणारी वस्तू पहिल्याच दिवशी पुढे ठेवली होती. अशा मुलांसाठी क्रम उलटा हवा. आधी मोठं, मग बारीक. आणि हात व धान्य यांच्यामध्ये काहीतरी अवजार.

दुसऱ्या दिवशी मी राघवला नुसतं पाहत राहिले. ते मला जमतं. रिसेप्शनमध्ये शाळेचा गोलू होता, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. खालच्या पायरीवर ढेरपोट्या चेट्टियार दुकानदार आणि त्याची बायको बसलेले होते. त्यांच्या पुढ्यात डाळ-तांदळाचे छोटे ढीग. राघव हात पाठीमागे बांधून एकेक ढीग निरखत होता.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात दुकान थाटलं. नवरात्रात इथे रोज वेगळं सुंदल करतात, म्हणजे खोबरं घातलेली सुकी उसळ. ज्या दिवशी जे सुंदल, ते कडधान्य टबात. सुरुवात काबुली चण्यांनी. राघव दुकानदार. त्याच्या हातात लांब दांड्याचा डाव. मी शेजारी.

“अण्णाची, एक कप चणे!” मॅम गिऱ्हाईक झाल्या. किराणावाल्याला इथे अण्णाची म्हणतात. “अय्यो, माप कमी आहे!”

राघवने गंभीरपणे आणखी दोन चणे टाकले.

मग रोज मी दांडा आखूड करत गेले. डाव, मोठा चमचा, छोटा चमचा. आठव्या दिवशी टबात मूग होते आणि हातात दुधाच्या पावडरीच्या डब्यातला बोटभर चमचा. बोटांना मूग लागले. तो थांबला. बोटं शर्टाला पुसली. पुन्हा चमचा उचलला.

नवव्या दिवशी तांदूळ ठेवायचे ठरवलं होतं.

“उद्या?” मॅम म्हणाल्या. “उद्या सुट्टी मा. आयुधपूजा.” त्या दिवशी सगळी अवजारं पूजेत ठेवतात. मी महाराष्ट्रातली, आमच्या घरी शस्त्रपूजा दसऱ्याला. कॅलेंडर बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

विजयादशमीला सकाळी शाळेत पोचले तर सरस्वतीसमोर कात्र्या, स्टेपलर आणि माझे सगळे चमचे कुंकू लावून बसले होते.

“पूजा हलवल्याशिवाय हात लावायचा नाही,” मॅमनी बजावलं.

आजी चटईवर बसल्या. पुढ्यात ताटभर तांदूळ. राघवने दोन्ही हात पाठीमागे नेले. आजींनी त्याचं बोट पकडायला हात पुढे केला.

“आजी, त्याचा हात धरू नका.”

हे मी बोलले होते. मराठीत. आजी तंजावरच्या मराठी घरातल्या, हे मला त्यांच्या राघवशी बोलण्यातून कळलं होतं. पण मीही मराठी आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

“तू मराठी?” आजी म्हणाल्या. “आम्ही पिढ्यान्पिढ्या इथे राहून मराठी बोलतो. तू आल्या आल्या इंग्लिश झालीस? आणि बोट धरल्याशिवाय विद्यारंभम होतो का गं?”

“तुम्ही गिऱ्हाईक व्हा. तो दुकानदार आहे.”

आजींनी पदर पसरला. “अण्णाची, तांदूळ दे.”

राघवने चमचा शोधला. तो सरस्वतीपुढे होता. त्याने चमच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे, मग पसरलेल्या पदराकडे. चेहरा वाकडा केला. ताटात हात घातला आणि मूठभर तांदूळ आजींच्या पदरात टाकले. हात घाईघाईने शर्टाला पुसला.

“माप कमी आहे,” आजी म्हणाल्या.

त्याने दुसरी मूठ टाकली.

ताटात त्याच्या बोटांच्या चार ओळी उमटल्या होत्या. अक्षर नव्हतंच. आजींनी त्या ओळी पाहिल्या आणि पदराची गाठ मारली. “झालं. सरस्वतीला वाचता येतं.” शाळेतून काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिलं अक्षर राघवने पोंगलनंतर काढलं. खडूने, शाळेच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर. मॅमनी मला बोलावून ते दाखवलं आणि हातात ओलं फडकं दिलं.

आता टब भरण्याआधी मी दोन गोष्टी तपासते: चमच्याचा दांडा आणि इथलं कॅलेंडर.