ढगोबाची तपासणी

रंगारी कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघायचा. भिंती काय, कोणीही रंगवतं, असं त्याचं म्हणणं. छताला मात्र मान मोडून घ्यावी लागते. लाकडी मचाणावर उताणा पडून तो पांढरा पट्टा ओढत जायचा आणि हळूहळू त्याला वाटायचं, आपण कुठेतरी वर तरंगतोय, आणि खालची माणसं, कपाटं, भांडणं सगळी पाण्याच्या तळाशी गेलीत.

त्याच्या मुलाचं सगळं आयुष्यच उताणं होतं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. सहा वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. मुठी वळून छातीशी धरलेल्या, बोलणं नाही. डोळे मात्र तासन्‌तास वर कशात तरी हरवलेले. म्हणून बापानं त्याला नाव ठेवलं ढगोबा. मोठी बहीण म्हणायची, "बाबा, आज तो खूप लांब गेलाय. हाक मारू नका."

व्यायाम शिकवणाऱ्या बाई, बसायची खास खुर्ची, सगळं आवाक्याबाहेरचं. सरकारी आरोग्य योजनेत नाव लागलं तर ते मिळणार होतं. बायको म्हणायची, "अहो, अर्ज भरा ना एकदाचा," आणि हा आज-उद्या करायचा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दोघं टेबलाशी बसली. अर्जात फिरवून फिरवून एकच विचारलं होतं: मूल काय काय करू शकत नाही?

"पोटच्या पोराची चहाडी केल्यासारखं वाटतं गं," रंगारी म्हणाला.

"मग मी करते चहाडी. द्या पेन इकडे."

तिनं भराभर लिहून टाकलं. मग नळ सोडून मोरीत बराच वेळ उभी राहिली.

तपासणीच्या दिवशी सरकारी दवाखान्यात खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्जासोबतचा फोटो उलटसुलट करून पाहिला. "अहो भाऊ, हा समोर कुठे बघतोय?"

"तो समोर बघतच नाही, बाई."

त्यांनी खांद्यावर पेंगणाऱ्या ढगोबाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. "असू दे. ओळखू येतोय."

आतली खोली उंच छताची होती. वर छताच्या कोपऱ्यात ओल येऊन वाळलेली, तिचे मधाच्या रंगाचे वेडेवाकडे काठ. खिडकीतून कोवळं ऊन. डॉक्टरीणबाईंनी ढगोबाला तपासायच्या टेबलावर निजवलं, हातपाय हलवून पाहिले आणि पाठ वळवून त्या लिहायला बसल्या.

"वस्तूकडे हात नेतो?"

"नाही," बायको म्हणाली.

आणि तेवढ्यात ढगोबाची उजवी मूठ छातीवरून सुटली. खोल पाण्यातून काही वर यावं तशी ती संथ वर आली आणि बोटं उमलली.

रंगारी बोलायला पुढे झाला. बायकोनं त्याचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा. डॉक्टरीणबाईंना काहीच दिसलं नव्हतं.

"बाई, खोडा ते," त्याच्या तोंडून निघून गेलं. "नेतो. आत्ताच नेला."

त्या वळल्या. हात पुन्हा छातीशी गेला होता. "कशाकडे?"

रंगाऱ्याला काय ठाऊक! त्यानं वाकून मुलाच्या डोक्याशेजारी आपलं डोकं टेकवलं आणि वर पाहिलं. त्या मधाळ डागात उजेडाचा एक ठिपका हलत होता. डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाच्या काचेवरून उडालेलं ऊन होतं ते.

त्यांनी मनगट वळवलं. ठिपका पोहत निघाला. ढगोबाचा हात पुन्हा उठला आणि त्याच्या घशातून एक बुडबुडा फुटल्यासारखं हसू आलं. मग किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर माणसं ताटकळत होती आणि एक शिकलीसवरली बाई मनगट हलवत छतावर ऊन खेळवत होती.

बायकोला राहवेना. "म्हणजे आता आम्हाला नाही मिळणार ना?"

"का नाही मिळणार? अडचणी काय एका हातानं संपल्या? उलट हात उठतोय, तर त्याला शिकवणारं कोणीतरी हवं. मी तेच लिहितेय."

परतताना बायको अर्ध्या वाटेवर थांबली. मग म्हणाली, "जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं?"

"नाही राहवलं."

"मला तरी कुठे राहवलं असतं," ती म्हणाली आणि पोराला त्याच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं.

मंजुरी आली, पण चांगलीच उशिरा. व्यायामाच्या बाई येऊ लागल्या. ढगोबा काही चालायला लागला नाही, बोललाही नाही. खुर्ची आली ती दारातून आतच जाईना. रंगाऱ्यानं उंबरठा उचकटून काढला, चौकट तासली, आणि बायको म्हणाली, "आता घर पाडता की काय!"

पट्ट्यांनी बांधलेला, मानेला आधार दिलेला ढगोबा पहिल्यांदाच घरात उभ्या माणसांसारखा हिंडला. बहीण ढकलत होती आणि प्रत्येक दाराशी थांबून पाहुण्याला दाखवावं तसं दाखवत होती. "हे स्वयंपाकघर. इथे आई रागावते. आणि ही मोरी. इथे तुला रोज आणतात, पण तू कधी बघितलीच नसशील."