चष्मेवाल्यांच्या घरी कुत्रं

आमचे हे डोळ्यांचा नंबर काढून चष्मे करून देतात. सत्तावीस वर्षं एकच प्रश्न विचारून त्यांनी संसार चालवलाय : "हे बरं दिसतं, की हे?" एक भिंग लावायचं, मग दुसरं. हरलं ते काढायचं आणि जिंकलेल्यासमोर तिसरं आणायचं. दुकानात हे ठीक आहे, पण आमच्या घरात पडदेही असेच निवडले जातात आणि टोमॅटोसुद्धा. लग्नाच्या वेळी मी कोणाला हरवलं, हे मी मुद्दामच विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, नजर काचबिंदूनं गेली. बाबांनी कधी तक्रार केली नव्हती, आणि गावभरच्या लोकांना खुर्चीत बसवणाऱ्या मुलानं बापाला एकदाही त्या खुर्चीत बसवलं नव्हतं. बसवलं असतं तर वेळेत डॉक्टरांकडे पाठवता आलं असतं. ही टोचणी ह्यांच्या मनात इतकी खोल गेली की ते बाबांच्या खोलीत जाणंच टाळू लागले. दारातून "काही हवंय का?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पसार व्हायचे. बाबाही गप्प होत गेले. एकेकाळी बोलून बोलून शेजाऱ्यांना भंडावून सोडणारा माणूस जेवणसुद्धा खोलीतच मागवू लागला. मला त्याचं फार वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोघांचाही.

कुत्रं आणायची कल्पना आमच्या धाकटीची. आजोबांच्या मांडीत बसेल, लाड करून घेईल असं काहीतरी आणू या, असं तिनं सुचवलं. ह्यांनी ते इतक्या झटकन उचलून धरलं की मला संशयच आला. स्वतःला जमत नव्हतं ते काम कुत्र्यावर सोपवायचा बेत होता.

मग काय, जेवणाच्या खोलीचं दुकान झालं. भिंतीवर कुत्र्यांच्या जातींची चित्रं, दोन-दोन. लॅब्राडोर की पग? पग हरला, कारण तो घोरतो आणि घरात घोरणारा एक पुरे, असं मी ठणकावून सांगितलं. लॅब्राडोर की गोल्डन रिट्रीव्हर? इथे दोघंही मांडीत मावणारे नाहीत हे थोरल्याच्या लक्षात आलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पामेरियन भुंकण्यावरून बाद झाला. शेवटी उरले पूडल आणि कॉकर स्पॅनियल. आठवडाभर जेवण गार होईपर्यंत वाद चालायचे. थोरला तर मत द्यायच्या आधी चष्मा पुसून घ्यायचा. पूडल जिंकला : पांढरा, कुरळा, चित्रात अगदी हसरा.

शहराबाहेर एक निवृत्त नर्सबाई कुत्री पाळायच्या, शिवाय लोकांना नकोशी झालेलीही सांभाळायच्या. त्यांच्याकडे निघालो तेव्हा बाबा खोलीच्या दारात आले. हातात काठी, पायात बूट. मीही येतो, म्हणाले. मी घाईत होते. "बाबा, आम्ही नुसतं बघून येतोय. तुम्ही येऊन काय करणार?" असं बोलून गेले. ते "बरोबर आहे" म्हणाले आणि बूट काढायला खाली बसले. मी जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

नर्सबाईंनी आम्हाला फाटकातच अडवलं. कुत्रं कोणासाठी, हा त्यांचा पहिला प्रश्न. आजोबांच्या मांडीत बसायला, आणि चित्रं बघून पूडल ठरलाय, असं धाकटी म्हणाली. मग आजोबा कुठे आहेत? त्यांना दिसत नाही म्हणून आणलं नाही, असं ह्यांनी सांगितलं.

"दादा, कुशीत घ्यायचं कुत्रं तुम्ही डोळ्यांनी निवडलंत?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्याचं अख्खं कुटुंब आठवडाभर चित्रांवरून भांडलं होतं आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ह्यांनी गाडी वळवली आणि तासाभरात बाबांना घेऊन आले.

बाबांना चटईवर बसवलं. आमचा जिंकलेला पूडल आला, त्यांना हुंगून गेला आणि धाकटीच्या बुटाशी खेळत बसला. दोन पिल्लं बाबांच्या मांडीवर ठेवली, तर ती वळवळून पळाली. मग कोपऱ्यातून एक स्पॅनियल उठली. चार वर्षांची, मालकांनी सोडून दिलेली, तपकिरी आणि पोट सुटलेली. तिचं चित्र लावलं असतं तर पहिल्याच फेरीत गेली असती. ती सावकाश बाबांच्या मांडीत चढली, त्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि मोठा उसासा टाकला.

ती दिसते कशी, हे धाकटी सांगू लागली. बाबांनी तिला थांबवलं. "तू नको सांगू. मी सांगतो."

आणि बाबा बोलू लागले. हिच्या पोटावर टाक्यांची जुनी खूण आहे. पुढच्या पायाचं एक नख मोडलंय. डाव्या कानामागे केसांची गाठ झालीय, ती कापायला हवी. मान खाजवली की हिचा मागचा पाय आपोआप हलतो. आम्ही डोळस माणसांनी वाकून पाहिलं, तर खूणही होती आणि नखही मोडलेलं होतं. नखाचं तर नर्सबाईंनाही माहीत नव्हतं. आठ महिन्यांत मिळून बाबा एवढं बोलले नव्हते. मला हसू येत होतं आणि रडूही.

हे इतका वेळ लांबच उभे होते. मग चटईवर आले आणि बापाच्या अगदी शेजारी बसले.

"बाबा, कुठंय ती गाठ? मला दिसत नाहीये."

"नाहीच दिसणार," बाबा म्हणाले. "चष्मा काढ. डोळे मीट. हात दे इकडे."

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. बाबांनी चाचपडत त्यांचा हात शोधला, घट्ट धरला आणि स्पॅनियलच्या कानामागे नेला. गाठ ह्यांना लगेच सापडली असणार. हात मात्र दोघांपैकी कोणीच सोडला नाही.